विजेची बोट आणि नानांचा नारळ

सुयोगला मुलगी झाली, त्या वर्षीची ही गोष्ट. त्या वर्षी जगात आणखीही पुष्कळ काही झालं असेल, पण बोरीवलीच्या परबांच्या घरात ते वर्ष अबोलीचं वर्ष म्हणूनच ओळखलं जातं. बारसं सोसायटीच्या हॉलमध्ये झालं. झाडून सगळे नातेवाईक आले. कणकवलीहून आले, डोंबिवलीहून आले, ज्यांना बोलावणं नव्हतं तेही आले आणि जेवून गेले. आली नाही ती एकच, मुलीच्या आजोबांची सख्खी थोरली बहीण, द्रौपदीआक्का. आणि राहायला सगळ्यांत जवळ तीच. बोरीवलीच्या जेटीवर उभं राहिलं की खाडीपलीकडे तिच्या वाडीतले माड दिसतात.

आक्काला दमा होता. खाडी ओलांडायची तर डिझेलची बोट, आणि ती बोट सुटताना जो काळा धूर सोडते तो आधी बसलेल्यांच्या छातीत जातो आणि मग उरलेला आकाशात. मागच्या खेपेला आक्का भावाकडे निघाली, ती जेटीवरून थेट इस्पितळातच पोचली. त्या खेपेला तिला माहेरचं म्हणून काय दिसलं असेल तर इस्पितळाचं छत आणि पंखा. भाईंदरवरून रस्ता आहे, पण गाडीत बसली की तिला भोवळ येते. तेव्हापासून आक्का पलीकडे आणि माहेर अलीकडे, असं चाललं होतं.

भाऊ म्हणजे काशीराम परब. त्यांना सगळे नाना म्हणत. बोरीवलीत नानांना दोन गोष्टींसाठी ओळखत. पहिली म्हणजे ते काहीही मोठ्याने वाचत. गिरणीत असताना चाळिशी उलटल्यावर रात्रीच्या वर्गात अक्षरं शिकले, आणि ज्याला उशिरा काही मिळतं तो ते मिरवतो, त्यात काही चूक नाही. दुकानाची पाटी असो, औषधाची बाटली असो, दुसऱ्याच्या घरची लग्नपत्रिका असो, नाना बोट ठेवून खणखणीत आवाजात वाचणार.

दुसरी गोष्ट नारळाची. सोसायटीत सत्यनारायणाची पूजा झाली की कलशावरच्या नारळाचा लिलाव होतो. तो नानांनीच करायचा. नारळ उंच धरून ते असा काही आकडा फेकत की गप्प बसलेल्या माणसाचाही हात वर जाई. लोक चढत ते नारळासाठी नव्हे, समोरच्या विंगने नेऊ नये म्हणून. एकदा जिन्याला रंग लावण्याचा सगळा खर्च एका नारळातून निघाला होता. नेणाऱ्याच्या बायकोने त्याच्याशी महिनाभर अबोला धरला, ते वेगळं.

तर बारशानंतर नाना बाळंतविड्याचे लाडू घेऊन आक्काकडे गेले. आक्का ओटीवर बसली होती. तिने लाडू हुंगला, बाजूला ठेवला.

"मी येतो ना गं दर महिन्याला," नाना म्हणाले.

"तू येतंस तां तुझा बहिणीकडे येणा," आक्का म्हणाली. "माका म्हायार व्हया. मी तुझ्या घरात येवन एक रात निजतलंय, सकाळी कमळीच्या हातची पेज खातलंय, तां म्हायार. लाडू काय, दुकानात पण गावतत."

नाना तोंड पाडून परत निघाले. आणि जेटीवर उतरतात तो समोर नवा कोरा फलक. फलकाच्या खांबालाच दादू कोळ्याची वल्ह्याची होडी बांधलेली असे. अक्षरं नीट दिसावीत म्हणून नानांनी एक पाय त्या होडीत ठेवला आणि बोट फिरवत वाचलं, "उपनगर खाडी वाहतूक मंडळ. विजेवर चालणाऱ्या प्रवासी बोटीची खरेदी. धूर नाही, आवाज नाही."

"पाय काढ, होडी हलते," दादू म्हणाला. तो होडीत बसून जाळं विणत होता.

नानांनी पाय काढला आणि त्याच पावली, परतीच्या बोटीने, धूर खात आक्काकडे गेले.

"आक्का, विजेची बोट येतेय. पहिली फेरी तुझी. माझा शब्द."

"कधी?"

"गणपतीपर्यंत."

कुठल्या वर्षीच्या गणपतीपर्यंत, ते त्यांनी सांगितलं नाही. तिनेही विचारलं नाही.

नानांची समजूत अशी, की बोट घ्यायची ठरली म्हणजे कोणीतरी बोटीच्या दुकानात जाणार, दोन बोटी बघणार, घासाघीस करणार आणि एक घेऊन येणार. ही समजूत धम्मपाल कांबळ्यांनी त्याच संध्याकाळी मोडून काढली. धम्मपाल म्हणजे नानांचे चाळीपासूनचे शेजारी, आता समोरच्या दारात. त्यांची उभी नोकरी एका सरकारी खात्यासाठी खुर्च्या, पंखे आणि फिनेल विकत घेण्यात गेली होती, आणि आपल्याइतकं खरेदीतलं कळणारा माणूस मुंबईत नाही असं ते स्वतःच सांगत.

"काशीराम, माणसाने बोट घेणं वेगळं आणि सरकारी मंडळाने बोट घेणं वेगळं," धम्मपाल म्हणाले. "टेंडर निघतं. मी एकदा खात्यासाठी पाण्याचे माठ घेतले होते. टेंडर काढलं उन्हाळ्यात, माठ आले भर पावसाळ्यात. तेही गळके."

"गळके का घेतले?"

"न गळण्याची अट घालायची राहून गेली होती. अट नाही तर हरकत नाही. अडीचशे माठ गळत होते आणि आम्ही सह्या करत होतो."

सोसायटीचे सेक्रेटरी चंद्रप्रकाश कर्णिक तेवढ्यात जिन्यातून चढत होते. ते थांबले. जिन्यात कोणी सल्ला मागत असेल तर कर्णिक थांबतातच, आणि नसेल मागत तरी थांबतात.

"नाना, टेंडर-बिंडर सोडा. ओळख लावा. वांद्र्याला माझा एक माणूस आहे."

वांद्र्याचा हा माणूस आजवर कोणी पाहिलेला नाही. पाण्याचा दाब वाढवायलाही तोच होता आणि लिफ्टच्या परवान्यालाही तोच. पाणी अजून तसंच येतं.

मंडळाचं ऑफिस मरोळला, औद्योगिक वसाहतीतल्या एका इमारतीत. खाडीचं मंडळ मरोळला का, हे नानांना कधी कळलं नाही. तिथे पाणी म्हणाल तर बेसिनच्या नळाला, तेही दुपारपर्यंत. पण नाना नेमाने जात. खरेदी विभागात दर्शना मॅडम होत्या. बाई शांत, कामाला चोख, आणि घसा कायम बसलेला.

अबोली पालथी पडायला लागली तेव्हा पहिलं टेंडर उघडलं. नाना पेढे घेऊनच गेले होते.

"रद्द झालं, नाना," मॅडम म्हणाल्या.

"बोटवाला आलाच नाही?"

"आला ना. एकच आला. म्हणून रद्द."

नानांना वाटलं आपल्या ऐकण्यात काही चूक झाली. "एक आला. आपल्याला बोट एकच पाहिजे. मग अडलं कुठे?"

"स्पर्धा झाली नाही. किमान तीन जण लागतात. एकटाच असला तर त्याने सांगितलेला दर खरा की फुगवलेला, ते आम्हाला कसं कळणार?"

"मी लग्नाला एकच मुलगी बघितली, मॅडम. अजून संसार चाललाय."

"लग्नाचं टेंडर निघत नाही, नाना."

पेढे ऑफिसातल्यांनी खाल्ले. टेंडर रद्द झालं तरी पेढ्यांना अट नव्हती. नाना घरी येऊन धक्का बसलेल्या चेहऱ्याने सगळं सांगत होते. त्यांच्या पत्नी कमलताई वाटाणे सोलत होत्या. "मलाही एकच स्थळ आलं होतं," त्या म्हणाल्या. "तेव्हा कोणी हा नियम सांगितला नाही."

दुसऱ्या टेंडरच्या वेळी मंडळाने आधी बैठक ठेवली. बोटी विकणारे येणार, अटी वाचणार, शंका विचारणार, आणि जनतेलाही यायला मोकळीक. जनता म्हणून नाना एकटेच आले. त्यांनी अटींचा गठ्ठा मागून घेतला आणि सवयीप्रमाणे मोठ्याने वाचायला लागले. पाच-सहा पानं वाचून झाल्यावर त्यांचा आवाज अडखळला.

"प्रत्येक बोटीसोबत एक जादा टायर, जॅक व पाना पुरवावा."

खोलीत सगळे एकमेकांकडे बघायला लागले. मग दर्शना मॅडमनी बसलेल्या घशाने खुलासा केला. विजेच्या बोटीचं टेंडर मंडळाने यापूर्वी कधी काढलेलं नव्हतं. विजेच्या बसचं होतं. तेच घेऊन बस तिथे बोट असं केलं होतं.

"मग टायर काढून टाका," नाना म्हणाले.

"समितीने मंजूर केलंय. काढायचं तर परत समिती. समितीचे अध्यक्ष अभ्यासदौऱ्यावर आहेत."

"कुठे?"

"नॉर्वेला. बोटी बघायला."

तेव्हा मागच्या रांगेतून एक गृहस्थ उठले. सुबोध सामंत. मूळचे कुडाळकडचे, वसईच्या बाजूला त्यांचा बोटी बांधायचा कारखाना. "टायर आम्ही बोटीच्या कडेला टांगू, मॅडम. धक्क्याला घासू नये म्हणून तसेही टांगतातच."

"आणि जॅक?"

सामंतांनी थोडा विचार केला. "जॅक ठेवू. कोणी विचारलं तर दाखवू."

टायरचा प्रश्न असा सुटला आणि सगळ्यांना हुशारी वाटली. पण टेंडर बुडालं ते दुसऱ्याच अटीवर. बोट विकणाऱ्याने याआधी राज्यातल्या खाडीत अशा तीन विजेच्या बोटी चालवून दाखवल्या असल्या पाहिजेत. आता राज्यातल्या खाडीत विजेची बोट कोणी घेतलीच नव्हती, तर चालवणार कोण आणि कशी? अबोलीला दात आले त्या आठवड्यात सगळेच्या सगळे अपात्र ठरले. टायर देणारेसुद्धा.

"म्हणजे पहिली बोट घेण्यासाठी आधी तीन बोटी घेतलेल्या पाहिजेत," नाना धम्मपालना म्हणाले. ते खरोखर हादरले होते.

"बरोबर समजलास," धम्मपाल म्हणाले. "तुला आमच्या खात्यात घ्यायला हवं होतं."

मात्र त्या बैठकीतून नानांचं एक काम झालं. नियमाप्रमाणे दर उघडताना प्रवाशांचा एक प्रतिनिधी हजर हवा होता, आणि मंडळाच्या माहितीतला प्रवासी एकच. मंडळाने नानांना प्रवासी प्रतिनिधी नेमलं. गळ्यात अडकवायला बिल्ला मिळाला. नाना तो बिल्ला भाजी आणायलाही घालून जाऊ लागले. कर्णिकांनी सोसायटीच्या ग्रुपवर अभिनंदनाचा संदेश टाकला आणि खाली लिहिलं, की वांद्र्याला सांगून ठेवलं होतं.

त्या पावसाळ्यात आक्का आजारी पडली. पलीकडच्या गावातल्या डॉक्टरांनी सुयोगला बाजूला घेऊन सांगितलं, वय झालंय, छाती कमजोर आहे, फार मोठा भरवसा देत नाही. नाना रोज खाडी ओलांडत होते. आक्का खाटेवर उठून बसली की खिडकीतून अलीकडच्या इमारती दिसत. नानांच्या इमारतीवर निळी टाकी होती, ती तिला ओळखता येई.

"काशी, ती टाकी तुझीच मां?"

"हो."

"माज्या डोळ्यांदेखत येतली रे बोट? नाय तर तसा सांग. मी वाट बघूक बसतंय."

नाना म्हणाले, येईल. घरी येताना मात्र जेटीवरचा फलक त्यांनी त्या दिवशी वाचला नाही.

तिसरं टेंडर निघालं तेव्हा अबोली भिंतीला धरून चालत होती. अनुभवाची अट सैल केली होती, टायर तसाच होता. आणि या खेपेला तिघे आले. बरोबर तिघे. एक कोचीकडची कंपनी, एक गुजरातेतली, आणि तिसरे सुबोध सामंत. तिघेही कागदांत पास. फक्त दर उघडायचे बाकी. ज्याचा दर सगळ्यांत कमी त्याला काम, आणि पाऊस सरला की बोट पाण्यात.

आदल्या संध्याकाळी धम्मपालनी नानांना समोर बसवून शिकवणी घेतली.

"तिथे चढायचं नसतं. जो सगळ्यांत खाली तो जिंकतो. कळलं?"

"कळलं. उलटा लिलाव."

"लिलाव हा शब्दच काढू नकोस. दर आधीच देऊन झालेत, आता नुसते बघायचे. कोणी बोलत नाही. तू तर अजिबात नाही."

"म्हणजे मयताला बसल्यासारखं."

"मयताला लोक बोलतात तरी. तू त्याहून गप्प."

सकाळी कमलताईंनी नानांच्या पिशवीत एक नारळ ठेवला. दर ठरले की परस्पर जेटीवर जायचं आणि खाडीला नारळ द्यायचा, असं दोघांचं ठरलं होतं. नानांनी पांढरा सदरा घातला, बिल्ला घातला, आणि निघताना सुनेला, दीप्तीला सांगितलं, "आक्काच्या खोलीत नवी चादर घाल." आक्काची खोली म्हणजे हॉलमधला दिवाण. पण नाना त्याला खोली म्हणत.

पुढे जे झालं त्यात नानांची चूक किती, यावर सोसायटीत आजही दोन पक्ष आहेत. म्हणून जसं झालं तसं सांगायला हवं.

मरोळच्या त्या खोलीत भिंतीवर पडदा होता. दर ऑनलाइन आलेले, मॅडमनी कळ दाबली की एकेक पडद्यावर येणार. कोपऱ्यात कॅमेरा, सगळं टिपून ठेवायला. समोर तिन्ही कंपन्यांची माणसं. कोचीचे गृहस्थ, गुजरातेतून आलेले मेहताभाई, आणि सामंत. नियम असा की पडद्यावरचा दर मोठ्याने वाचायचा. मॅडमनी तोंड उघडलं आणि नुसती हवा बाहेर आली. घसा ठार बसला होता. त्या पाणी प्यायल्या, त्यांनी पुन्हा प्रयत्न केला, आणि शेवटी कुजबुजत म्हणाल्या, "नाना, तुम्ही वाचाल? नुसतं वाचायचं हं."

नाना उठले. उठताना मांडीवरची पिशवी पडू नये म्हणून त्यांनी आतला नारळ काढून हातात घेतला. इथेच खरा घात झाला, असं धम्मपालचं मत आहे. नारळ हातात नसता तर काही झालं नसतं.

पहिला आकडा आला. नानांनी वाचला, "अकरा कोटी."

खोली शांत. नानांच्या उभ्या आयुष्यात आकडा म्हटल्यावर खोली कधी शांत राहिली नव्हती. त्यांना ती शांतता सोसवेना. देवाचा अपमान झाल्यासारखं वाटलं. नारळ आपोआप वर गेला.

"अकरा कोटी," त्यांनी पुन्हा म्हटलं, जरा लांबवून. "अकरा कोटी एक वार."

मॅडमनी घाईघाईने पुढची कळ दाबली. मेहताभाईंचा दर आला.

"साडेअकरा. बघा, मेहताभाई चढले. साडेअकरा कोटी एक वार, साडेअकरा कोटी दोन वार. काय सामंत, कुडाळचं नाव घालवणार काय?"

आता सामंत हे शिकले-सवरलेले, कारखाना चालवणारे गृहस्थ. पण लहानपणी वडिलांच्या खांद्यावर बसून त्यांनी देवळातले लिलाव पाहिलेले. केळीचा घड, फणस, कोंबडा, सगळं त्या आवाजात चढताना ऐकलेलं. त्यांचा हात वर गेला. ते स्वतःच त्या हाताकडे आश्चर्याने बघत होते.

"बारा," सामंत म्हणाले.

मेहताभाईंना लिलाव ठाऊक नव्हता. पण शेजारचा चढला आणि आपण बसून राहिलो, हे त्यांच्याच्याने होईना. "सवा बारा."

"साडेबारा," सामंत.

कोचीच्या गृहस्थांना मराठी येत नव्हतं. त्यांना वाटलं हा इथल्या कामकाजाचाच भाग आहे. त्यांनीही आधी दोन्ही हातांची दहा बोटं आणि मग तीन दाखवून तेरा सांगितले. दाराशी चहा घेऊन आलेला शिपाई ट्रे हातात धरून तसाच उभा राहिला. मॅडम दोन्ही हात हलवत होत्या, ओरडत होत्या, पण बाहेर नुसती हवाच येत होती, आणि नानांना वाटलं बाई पंखा वाढवायला सांगताहेत.

"चौदा," सामंत उभं राहून म्हणाले. कपाळावर घाम आला होता.

"चौदा कोटी एक वार. चौदा कोटी दोन वार. मेहताभाई, विचार करा, परत संधी नाही." मेहताभाईंनी मान खाली घातली. "चौदा कोटी, तीन वार."

नानांनी पुढे होऊन नारळ सामंतांच्या ओंजळीत दिला. सामंतांनी तो कपाळाला लावला. शिपायाने टाळ्या वाजवल्या, ट्रे खाली ठेवून.

मग मॅडमनी, काही न बोलता, तिसरी कळ दाबली. सामंतांचा खरा दर पडद्यावर आला. साडेदहा कोटी. सगळ्यांत कमी. म्हणजे सगळे गप्प बसले असते तर काम सामंतांचं होतं, आणि बोट पावसानंतर पाण्यात.

नाना त्या आकड्याकडे बघत राहिले. मग त्यांनी तो वाचला, पण ओठांतल्या ओठांत. नानांनी मनात वाचलेला तो पहिला आकडा.

टेंडर रद्द झालं, हे सांगायला नकोच. दर उघडताना बोली लावणाऱ्यांनी आपसांत दराची बोलणी केली, असा ठपका. पण खरी अडचण नारळाची झाली. अधिकाऱ्याने किंवा प्रतिनिधीने बोली लावणाऱ्याकडून काही घेऊ नये, असं कलम होतं. काही देऊ नये, असं कुठेच नव्हतं. प्रकरण कायदा विभागाकडे गेलं. नारळ जप्त करून, मोहर लावून फाइलीसोबत कपाटात ठेवला. पुढे काही महिन्यांनी त्या कपाटाला वास यायला लागला, तेव्हा कर्मचाऱ्यांनी लेखी तक्रार केली, आणि त्या तक्रारीची आणखी एक फाइल झाली.

नानांचा बिल्ला काढून घेतला. एका स्थानिक पेपरात दोन ओळी आल्या, ज्येष्ठ नागरिकामुळे बोटखरेदी लांबणीवर. नाव नव्हतं, पण कर्णिकांनी ती ग्रुपवर टाकली आणि खाली लिहिलं, आपले नाना. लोक जिन्यात भेटले की सहज म्हणत, "काय नाना, एक वार?" नाना हसायचे नाहीत. ते पेपर मोठ्याने वाचेनासे झाले. कमलताईंना सकाळी घर ओकंबोकं वाटू लागलं. "वाचा की काहीतरी," त्या म्हणायच्या. "निदान मिठाची पिशवी वाचा."

सगळ्यांत वाईट म्हणजे नाना आक्काकडे जाईनासे झाले. सांगणार काय? की बोट आली होती, माझ्या हातात होती, आणि मीच ती घालवली? सुयोग जाऊन यायचा. आक्का विचारायची, काशीक बरा नाय काय? सुयोग सांगायचा, कामात आहेत. आक्का नुसतं हूं म्हणायची.

अबोलीचं जावळ होतं त्या रविवारी, सकाळी, कमलताई दारात रांगोळी काढत होत्या. लिफ्ट उघडली. आतून आधी एक फणस बाहेर आला. फणसामागे दादू कोळी. आणि दादूमागे, नऊवारी नेसलेली, डोक्यावर टॉवेल गुंडाळलेली, द्रौपदीआक्का.

कमलताईंच्या हातातली रांगोळी सांडली. "वन्सं, तुम्ही? आणि तुमची छाती?"

"छाती असा. हाडली आसंय सोबत," आक्का म्हणाली. "भाकरतुकडो ओवाळतंस काय अशीच येव?"

नाना बाहेर आले, ते दाराची चौकट धरूनच उभे राहिले.

"आलीस कशी?"

"होडीन. ह्या दादून वल्ही मारल्यान, मी छत्री धरलंय. धूर नाय, आवाज नाय." ती दिवाणावर टेकली आणि नव्या चादरीवरून हात फिरवू लागली. "तुझ्या बोर्डावर लिवलला तसाच."

नाना दादूकडे बघत राहिले. तोच दादू. ज्याच्या होडीत पाय ठेवून त्यांनी तो फलक वाचला होता. नंतरही कितीदा तरी तो पुन्हा वाचला, आणि दर वेळी दादूने पाय काढायला सांगितलं.

"दादू, तू मला एकदाही म्हणाला नाहीस."

"तू विजेची बोट आणणार होतास," दादू म्हणाला. "मी मध्ये कशाला बोलू?"

"आणि आक्का, तुला ठाऊक होतं, होडीने येता येतं?"

"ठाऊक नाय तर. आमी लगीन होवन होडीनच गेल्लंव पलीकडे. तेवा खंय होती बोट?"

"मग इतकी वर्षं?"

आक्काने फणस खाली ठेवायला जागा दाखवली, पदराने घाम पुसला. मग म्हणाली, "आदी होडी घेवन माका न्हेवक कोण इलो नाय, मगे तू शब्द दिलंस, बोट हाडतंय. मी होडीन इले असते तर तुझो शब्द खंय ठेवतलंस? सगळे म्हणाले असते, काशीरामाची बोट राहिली आणि म्हातारी होडीतून गेली. म्हणून बसले वाट बघत. आता सुयोग सांगता, तू पेपर पण वाचीत नाय. मगे म्हटला, आता शब्द ऱ्हवांदे. भावाक बघूक व्हया."

नाना बसले. दारातून धम्मपाल आणि कर्णिक डोकावत होते. कर्णिकांना काहीतरी सल्ला द्यायचा होता, पण धम्मपालनी त्यांच्या दंडाला धरून त्यांना मागे ओढलं.

आक्का चार दिवस राहिली. चारही रात्री दिवाणावर झोपली. पेज खाल्ली, ती जरा पातळ आहे म्हणाली. अबोलीच्या जावळाला नावं ठेवली, सुनेच्या फोडणीला ठेवली, लिफ्टला ठेवली. निळी टाकी खालून कशी दिसते ते बघून आली. आणि शेवटच्या दिवशी नानांकडून सगळा लिलाव करवून घेतला, एक वारपासून तीन वारपर्यंत, नारळाऐवजी हातात तिची पितळी पानदाणी देऊन. सामंतांच्या हाताजवळ आले तेव्हा आक्का इतकी हसली की तिला खोकला लागला आणि सगळ्यांची धावपळ झाली. पण तो खोकला दम्याचा नव्हता, हसण्याचा होता. नानाही पहिल्यांदाच स्वतःच्या त्या गोष्टीवर हसले, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पेपर पुन्हा मोठ्याने वाचू लागले.

चौथं टेंडर यथावकाश निघालं. त्यात एक नवी अट आहे. दर उघडताना उपस्थितांनी मौन पाळावे व सोबत कोणतेही फळ आणू नये. धम्मपाल तिला काशीराम कलम म्हणतात आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला ती अट म्हणून दाखवतात. काम सामंतांनाच मिळालं. बोट आली. कडेला टायर टांगलेला आहे, आत कुठेतरी जॅकही आहे.

पहिली फेरी ठरल्याप्रमाणे आक्काचीच झाली. तिला बोट फारशी आवडली नाही. निघाली कधी आणि पोचली कधी ते कळतच नाही, म्हणते. पण येते. दर महिन्याला येते, दिवाणावर झोपते, पेजेला नावं ठेवते. डॉक्टरांनी भरवसा दिला नव्हता तरी आक्का अजून आहे आणि तिचा दमाही आहे.

ती बोट नानांनी पाहिली नाही. काशीराम परब गेले, ते अबोली बालवाडीत जायला लागली त्या वर्षी, मार्गशीर्षातल्या दुसऱ्या गुरुवारी, सकाळी, पेपर मोठ्याने वाचता वाचता.